शेवटच्या रांगेला वाचता येईल अशी मराठी स्लाइड: सभागृहातल्या सादरीकरणासाठी मदत हवी

बांधावरचा (सोमवार, सकाळी ९:१२)

ऊस उत्पादकांसमोर ठिबक संचाच्या देखभालीवर मराठीतून सादरीकरण करायचं आहे. वेळ २५ मिनिटं, प्रश्नोत्तरं धरून. श्रोते साधारण १२०. सभागृह ग्रामपंचायतीचं, सपाट फरशीचं, दोन्ही बाजूंना खिडक्या, पडदे नाहीत. प्रोजेक्शनचा पडदा ८ फूट रुंद, ६ फूट उंच. प्रोजेक्टर जुना एक्सजीए, ३००० ल्युमेनचा. शेवटची रांग पडद्यापासून १४ मीटरवर. लॅपटॉप तिथलाच वापरायचा आहे.

पॉवरपॉइंटमध्ये ३४ स्लाइड तयार आहेत, मजकूर २० पॉइंटचा, एकेका स्लाइडवर सात-आठ मुद्दे. नेमकं काय बदलावं? फॉन्टपासून उभं कुठे राहावं इथपर्यंत सगळं सांगा.

---

मोजपट्टी (सोमवार, सकाळी १०:०५)

तुम्ही मापं दिलीत हे फार बरं केलंत. आधी सभागृह मोजायचं आणि मग स्लाइड करायची. बहुतेक ठिकाणी उलटं होतं.

एक्सजीए म्हणजे १०२४ × ७६८ ठिपके, ४:३ आकार. तुमचा पडदाही ४:३ आहे. पॉवरपॉइंट २०१३ पासून नवी फाइल १६:९ मध्ये उघडते. ती या प्रोजेक्टरवर लावली की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्राची उंची ६ फुटांवरून साडेचार फुटांवर येते. पाव पडदा वाया, आणि अक्षरं तेवढ्याच प्रमाणात लहान. म्हणून डिझाइन > स्लाइड साइझ मध्ये जाऊन ४:३ निवडा, तेही सुरुवातीलाच. नंतर बदललंत तर सॉफ्टवेअर 'मॅक्झिमाइझ' की 'एन्शुअर फिट' असं विचारतं. पहिल्याने कडेचा मजकूर कापला जातो, दुसऱ्याने सगळंच आक्रसतं.

आता अक्षर. सर्वसाधारण ठोकताळा असा की मजकूर वाचायचा असेल तर शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीपलीकडे नसावा. तुमची उंची १.८३ मीटर, सहापट म्हणजे ११ मीटर. शेवटची रांग १४ वर आहे. म्हणजे एकतर खुर्च्या पुढे ओढा, किंवा अक्षर बरंच मोठं करा. दोन्ही केलंत तर उत्तम.

घरच्या घरी करायची चाचणी: शेवटच्या रांगेचं अंतर भागिले चित्राची उंची. तुमच्याकडे १४ ÷ १.८३ = ७.६५. या आकड्याला लॅपटॉपच्या पडद्याच्या उंचीने गुणा. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे १९.४ सेंमी उंच असतो, म्हणजे १४८ सेंमी. स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा, दीड मीटर मागे उभे राहा आणि वाचा. शेवटच्या रांगेला जेवढं दिसेल तेवढंच तुम्हाला तिथून दिसतंय. तीच फाइल १६:९ ठेवली असती तर हेच अंतर जवळपास दोन मीटर झालं असतं. २० पॉइंटची स्लाइड तिथून वाचून बघा, मग पुढचं बोलू.

---

बांधावरचा (सोमवार, सकाळी ११:४०)

दीड मीटरवरून शीर्षक वाचता येतं. मुद्दे ओळखीचे आहेत म्हणून अंदाजाने कळतात, वाचता येत नाहीत. वेलांट्या आणि अनुस्वार तर दिसतच नाहीत.

---

शिरोरेषा (सोमवार, दुपारी १२:३०)

वेलांट्या दिसत नाहीत याचं कारण देवनागरीच्या बांधणीत आहे. १८ किंवा २४ पॉइंट चालतात हे सल्ले रोमन लिपी गृहीत धरून दिलेले असतात. देवनागरीत त्याच उंचीत तीन मजले बसवायचे असतात: वर मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. त्यामुळे मुख्य अक्षराच्या वाट्याला पॉइंटमधल्या आकाराचा काही भागच येतो.

तुमच्या सभागृहासाठी मजकूर ३६ पॉइंट, त्याखाली नको. शीर्षक ४४. आकृतीतली नावं ३२ पर्यंत चालतील. ४:३ स्लाइडवर ३६ पॉइंटला एका ओळीत पाच ते सात शब्द बसतात. मग सात-आठ मुद्दे आपोआपच बाद होतात.

एक खबरदारी. गूगल स्लाइड्सचं नेहमीचं पान ५.६२५ इंच उंच असतं आणि पॉवरपॉइंटचं ७.५ इंच. त्यामुळे गूगलमधले १८ पॉइंट म्हणजे पडद्यावर पॉवरपॉइंटचे २४. कुणी पॉइंटचा सल्ला दिला तर कोणत्या सॉफ्टवेअरमधला ते विचारून घ्या.

ओळींमधलं अंतर: पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या ऑफिस थीममध्ये मजकुराचं अंतर ०.९ ठेवलेलं असतं. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. व्ह्यू > स्लाइड मास्टर मध्ये जाऊन एकदाच १.१ करा, सगळ्या स्लाइडना लागू होईल. फॉन्टनुसार थोडं कमी-जास्त करावं लागेल.

तिथेच आणखी एक बंद करा: मजकूर जास्त झाला की अक्षर आपोआप लहान करणारं 'श्रिंक टेक्स्ट ऑन ओव्हरफ्लो'. फॉरमॅट शेप > टेक्स्ट बॉक्स मध्ये 'डू नॉट ऑटोफिट' निवडा. नाहीतर तुम्ही ३६ ठरवाल आणि भरलेल्या स्लाइडवर ते गुपचूप २५ होईल.

तिरपं अक्षर, अधोरेखा आणि अक्षरांमधलं वाढवलेलं अंतर, हे तिन्ही देवनागरीत टाळा. अधोरेखा उकार कापते, वाढवलेल्या अंतराने शिरोरेषा तुटते. जोर द्यायचा तर ठळक करा.

---

खडूफळा (सोमवार, दुपारी २:१५)

लॅपटॉप तिथलाच आहे, म्हणजे फॉन्टचं काय होणार हा मोठा प्रश्न. मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये आहे? श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी सुरेख यांच्या जुन्या पद्धतीत टंकलेला असेल तर तिथे तो फॉन्ट नसताना सगळी स्लाइड अर्थहीन रोमन अक्षरांची दिसेल. आधी तो युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर ओळखल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात) रूपांतरित करा आणि रूपांतरानंतर प्रत्येक ओळ वाचा. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्ह-ऱ्य इथेच चुकतात.

---

बांधावरचा (सोमवार, दुपारी ३:०२)

काही स्लाइड युनिकोड आहेत, मंगल फॉन्टमध्ये. जुन्या परिपत्रकांतून घेतलेला मजकूर कृतिदेवमध्ये आहे. 'पाऱ्याचा दाबमापक' हे 'पार्याचा' असं दिसतंय.

---

शिरोरेषा (सोमवार, दुपारी ४:२०)

हा चंद्रकोरी र. रूपांतरात तो हमखास रफार होतो. 'दऱ्या' चा 'दर्या' होतो, 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' होतं, अर्थच बदलतो. युनिकोडमध्ये त्यासाठी खाली नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य किंवा ह. फाइलमध्ये 'र्य' आणि 'र्ह' शोधा आणि एकेक तपासा. एकदम सगळे बदलू नका, 'कार्य' आणि 'सूर्य' सुद्धा बिघडतील.

तसाच ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे रिकामी चौकट दिसते. 'ॲसिड ट्रीटमेंट' हा शब्द तुमच्या विषयात येणारच, तेव्हा तो तिथल्या लॅपटॉपवर आधी उघडून बघा.

फॉन्ट बदला. मंगलचे फाटे बारीक आहेत, आणि विंडोज १० पासून तो देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात गेला आहे, त्यामुळे प्रत्येक यंत्रावर असेलच असं नाही. निर्मला यूआय विंडोज ८ पासून सोबतच येतो. मोकळ्या परवान्याचे फॉन्ट हवे असतील तर 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट दुरून वाचायला चांगला आहे: जाडी एकसारखी, पोकळ्या मोठ्या. मजकुराला मध्यम जाडी, शीर्षकाला ठळक. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट आहे, पण त्याच्या रेषा जाड-बारीक आहेत. छापील पत्रकाला तो घ्या, या पडद्याला मुक्तच घ्या.

फॉन्ट फाइलमध्येच बसवा: फाइल > ऑप्शन्स > सेव्ह > 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल', आणि त्याखाली 'एम्बेड ऑल कॅरॅक्टर्स'. फक्त वापरलेली अक्षरं बसवली तर तिथे ऐनवेळी एक शब्द बदलतानाही अडचण येते. सोबत त्याच फाइलची पीडीएफ घ्या. तिच्यात अक्षरं हलत नाहीत.

तिथल्या लॅपटॉपवर लिबर ऑफिस असेल तर लक्षात ठेवा, त्याच्या इम्प्रेस या सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार रोमनपासून वेगळा नोंदवला जातो. फॉरमॅट > कॅरॅक्टर मध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' असा स्वतंत्र विभाग असतो. वरचा आकडा बदलूनही मराठी अक्षर हलत नसेल तर कारण हेच.

---

पडदा_प्रकाश (सोमवार, संध्याकाळी ६:४५)

अक्षर मोठं झालं तरी खिडक्या उघड्या असतील तर फायदा नाही. हिशेब करू. पडद्याचं क्षेत्रफळ २.४४ × १.८३ = ४.४७ चौ.मी. ३००० ल्युमेन (प्रोजेक्टरचा एकूण प्रकाश) भागिले ४.४७ म्हणजे सुमारे ६७० लक्स (दर चौ.मी.वर पडणारा उजेड), तेही दिवा नवा असताना. खिडकीतून पडद्यावर ५०० लक्स उजेड पडत असेल तर पांढरा भाग ११७० आणि 'काळा' भाग ५००. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. जिथे प्रकाश टाकत नाही तिथे खोलीतला उजेडच दिसतो. गुणोत्तर जेमतेम २.३. पडद्यावरचा बाहेरचा उजेड ५० लक्सवर आणला तर हेच १४ च्या पुढे जातं.

सगळं सभागृह अंधारं करायची गरज नाही, आणि करूही नये. लोकांना वहीत लिहायचं असतं. पडद्याजवळच्या दोन-तीन खिडक्या जाड सतरंजीने किंवा काळ्या ताडपत्रीने झाका आणि पडद्यासमोरची ट्यूबलाइट बंद करा. मागचे दिवे चालू राहू द्या.

अशा उजेडात पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर काळं अक्षर ठेवा. गडद निळ्यावर लाल अक्षर कधीही नको. पांढऱ्याच्या तुलनेत शुद्ध लाल रंगाची चकाकी सुमारे २१ टक्के आणि निळ्याची ७ टक्केच भरते. वरच्या ५०० लक्सच्या खोलीत काळ्यावरचं लाल अक्षर १.३ गुणोत्तरावर येतं, म्हणजे दिसतच नाही. लाल रंग पांढऱ्यावर वापरा, तोही एकाच गोष्टीसाठी. 'चांगलं हिरवं, वाईट लाल' एवढ्यावर विसंबू नका. ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांच्यासाठी बरोबर-चूक खूणही काढा.

प्रोजेक्टर पडद्यापासून रुंदीच्या दीड ते पावणेदोन पट अंतरावर ठेवावा लागेल, म्हणजे ३.७ ते ४.३ मीटर. यंत्रागणिक फरक असतो, माहितीपत्रकात पाहा. तो मधल्या वाटेत येतो, तेव्हा खुर्च्या त्याप्रमाणे लावा आणि वायर चिकटपट्टीने फरशीला बसवा. चित्र समलंब चौकोनासारखं दिसलं तर आधी प्रोजेक्टरची उंची सरळ करा. कीस्टोनचं बटण शेवटचा उपाय. ते ठिपके दाबून आकार जुळवतं, आणि १०२४ ठिपक्यांतून आणखी घालवणं तुम्हाला परवडणार नाही.

---

काळी_आई (सोमवार, रात्री ९:१०)

सपाट फरशीबद्दल: पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान ४ फूट वर असावी. ६ फूट पडदा धरून छत १० फूट तरी लागेल. तेवढं वर नेता आलं नाही तर पुढच्यांची डोकी खालच्या भागाच्या आड येतात. म्हणून स्लाइडचा खालचा पाव भाग रिकामा ठेवा. आकडा, निष्कर्ष, काय करायचं ते वरच्या अर्ध्यात.

आता मजकुराविषयी, कारण खरं काम तिथे आहे. ३४ स्लाइड १८ मिनिटांत होणार नाहीत. २५ पैकी ७ मिनिटं तरी प्रश्नांना लागतील. देखभालीत शेतकऱ्याने प्रत्यक्ष करायच्या गोष्टी किती? फिल्टर धुणं, लॅटरल (ड्रीपर असलेल्या बारीक नळ्या) फ्लश करणं म्हणजे पाणी सोडून आतला गाळ काढणं, ॲसिड किंवा क्लोरिन कधी सोडायचं, गळती शोधणं. चार. प्रत्येकी तीन स्लाइड, एकूण बारा. बाकीच्या फाइलच्या शेवटी राहू द्या, प्रश्न आला तर उपयोगी पडतील.

शीर्षकात विषयाचं नाव न देता सांगायची गोष्टच लिहा. 'वाळूच्या फिल्टरची देखभाल' असं शीर्षक कुणाच्या लक्षात राहणार? 'दोन गेजांत अर्धा किलो फरक पडला की बॅकवॉश करा' हे लिहिलं की अर्धं काम झालं. (अर्धा किलो म्हणजे दर चौ.सेंमीला अर्धा किलो दाब; बॅकवॉश म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं.) खाली फक्त फोटो: फिल्टरच्या अलीकडचं आणि पलीकडचं प्रेशर गेज, दोन्ही काट्यांभोवती जाड वर्तुळ. फोटो त्याच भागातल्या संचाचा हवा. कंपनीच्या माहितीपत्रकातलं चकचकीत चित्र पाहून शेतकऱ्याला आपला फिल्टर ओळखता येत नाही.

---

खडूफळा (मंगळवार, सकाळी ८:३०)

पूर्ण वाक्याच्या शीर्षकाला माझा पाठिंबा आहे, पण मराठीत एक अडचण येते. आपलं क्रियापद शेवटी. वाक्य लांबलं की 'करा' की 'करू नका' हे दुसऱ्या ओळीच्या टोकाला कळतं. म्हणून शीर्षक आठ-नऊ शब्दांच्या आत, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि ओळ कुठे तोडायची ते आपण ठरवायचं. 'बॅकवॉश / करा' असं तुटू देऊ नका. शिफ्ट + एंटरने 'दोन गेजांत अर्धा किलो फरक पडला की' ही एक ओळ आणि 'बॅकवॉश करा' ही दुसरी.

---

मोजपट्टी (मंगळवार, सकाळी ९:५५)

शीर्षक आणि आतला आकडा यांची फारकत झाली तर काय होतं याचं एक उदाहरण प्रत्येक सादरकर्त्याला माहीत असावं. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या उड्डाणावेळी टाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नासासमोर जी स्लाइड ठेवली तिचं शीर्षक दिलासा देणारं होतं. सगळ्यात खाली, लहान अक्षरात, महत्त्वाची गोष्ट होती: चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा, प्रत्यक्षातला अंदाजे १९२० घनइंचांचा. ६४० पट फरक. म्हणजे त्या चाचण्यांवरून काहीच निष्कर्ष काढता येत नव्हता. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. अपघाताला कारणं अनेक होती, पण चौकशी मंडळाच्या अहवालात त्या स्लाइडची चिकित्सा मुद्दाम केलेली आहे.

तुमच्या फाइलमधला प्रत्येक आकडा वर येण्याच्या लायकीचा आहे का ते तपासा. जो आहे, तो शीर्षकात न्या.

---

बांधावरचा (मंगळवार, सकाळी ११:१५)

स्लाइड बारावर आल्या. शीर्षकं वाक्यांत केली. तीन शंका. अंक मराठी ठेवू की इंग्रजी? लॅटरल फ्लशिंगच्या पायऱ्या एकामागून एक दाखवायच्या आहेत, ॲनिमेशन चालेल? आणि खर्चाच्या आलेखात रक्कम लाखाऐवजी इंग्रजी पद्धतीने स्वल्पविराम घेते.

---

शिरोरेषा (मंगळवार, दुपारी १:००)

मजकुरात मराठी अंक. दुरून १ आणि ९ यांत गफलत होते, तेव्हा अंक ठळक आणि मजकुरापेक्षा एक पायरी मोठा ठेवा.

---

काळी_आई (मंगळवार, दुपारी १:२५)

एका ठिकाणी मात्र इंग्रजीच ठेवा: गेजच्या फोटोशेजारी. तबकडीवर इंग्रजी अंक असतात. शेतकऱ्याने शेतात जाऊन जे शोधायचं आहे तेच रूप पडद्यावर दिसू द्या.

---

शिरोरेषा (मंगळवार, दुपारी १:४०)

हे पटलं. तिथे इंग्रजी.

---

खडूफळा (मंगळवार, दुपारी २:५०)

ॲनिमेशन नको, कारण पीडीएफमध्ये ते नाहीसं होतं आणि सगळ्या पायऱ्या एकाच पानावर येतात. त्याऐवजी स्लाइडची प्रत काढा, कंट्रोल + डी. पहिलीवर फक्त सबमेन (लॅटरलना पाणी देणारी जाड नळी) आणि पाण्याची दिशा. दुसरीवर चार-पाच लॅटरलच्या एंड कॅप (टोकाची बुचं) उघडलेल्या. तिसरीवर स्वच्छ पाणी येताच त्या बंद आणि पुढच्या चार-पाच उघड्या. चौथीवर चूक: सगळ्या एकदम उघडल्या, दाब पडला, गाळ नळीतच राहिला. चित्र जागचं हलत नाही, फक्त एकेक भाग वाढतो. पुढे जाण्याचं बटण एकच, मागे येणंही सोपं. या चारही मिळून एकाच स्लाइडचा वेळ घेतात, बारांच्या हिशेबात ती एकच धरा.

आलेखासाठी एक्सेलमध्ये आकड्याचा साचा असा द्या:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

मग 1,20,000 असंच दिसेल. पण खरं तर स्तंभाच्या डोक्यावर '१.२ लाख' असं हाताने लिहा, डावीकडचा अक्ष आणि आडव्या रेषा काढून टाका. आलेखाबाहेरची रंगांची सूची काढा, नाव स्तंभाखालीच लिहा. १४ मीटरवरून कुणी रंग जुळवत बसणार नाही.

---

पडदा_प्रकाश (मंगळवार, संध्याकाळी ५:२०)

सादरीकरणाच्या वेळचं थोडं. श्रोत्यांच्या बाजूने पाहता पडद्याच्या डाव्या अंगाला उभे राहा. आपण डावीकडून वाचतो, नजर तुमच्यावरून अक्षरावर जाते आणि पुन्हा परत येते. उजवीकडे राहिलात तर प्रत्येक ओळीला पडदा ओलांडावा लागतो.

नवी स्लाइड आली की तीन सेकंद गप्प राहा. लोक वाचतात. वाचताना बोललात तर दोन्ही वाया जातं. शीर्षक पुन्हा वाचून दाखवू नका, सरळ फोटोतल्या काट्याकडे बोट करा. वाचता न येणारे कुणी असतील तर शीर्षकाचा अर्थ बोलीभाषेत सांगा, अक्षरशः वाचन नको.

कळा पाठ ठेवा: एफ ५ ने सुरुवातीपासून, शिफ्ट + एफ ५ ने आहे तिथून. बी दाबलं की पडदा काळा, पुन्हा दाबलं की स्लाइड परत. प्रत्यक्ष ड्रीपर किंवा कापलेली लॅटरल हातात घेऊन दाखवताना बी दाबाच, नाहीतर सगळे पडद्याकडेच बघत राहतात. स्लाइडचा क्रमांक टंकून एंटर दाबलं की थेट ती स्लाइड येते. शेवटी ठेवलेल्या जादा स्लाइडची क्रमांकयादी कागदावर लिहून टेबलावर ठेवा.

माइक हातातला असेल तर तोंडापासून चार बोटं, हनुवटीच्या रेषेत, आणि मान पडद्याकडे वळली तर माइकही वळला पाहिजे. व्हिडिओ असेल तर आवाजाची सोय वेगळी करा. व्हीजीए वायरीतून आवाज जात नाही, आणि एचडीएमआयने तो प्रोजेक्टरच्या बारीक स्पीकरला जातो. लॅपटॉपच्या हेडफोन छिद्रातून ॲम्प्लिफायरला वेगळी वायर द्या.

---

बांधावरचा (मंगळवार, रात्री ८:०५)

शेवटची शंका. त्या भागात दुपारी वीज जाते. सभागृहाला इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फक्त दिवे आणि पंखे.

---

काळी_आई (मंगळवार, रात्री ९:३०)

प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर घेऊ नका. दिव्याचा प्रोजेक्टर साधारण २५० ते ३५० वॉट ओढतो, घरगुती इन्व्हर्टरवर पंख्यांसकट तो टिकत नाही. वीज गेलीच तर दिव्याचा प्रोजेक्टर लगेच पुन्हा चालू करू नका, पंखा थांबल्याने तो आत तापलेला असतो. काही मिनिटं थंड होऊ द्या.

तोवरच्या वेळासाठी चार तक्ते आधीच करून ठेवा, चार कामांचे चार. मोठा ड्रॉइंग कागद, पडद्यावरचंच वाक्य, त्याखाली एकच रेखाचित्र. १४ मीटरवरून वाचायचं तर अक्षराची उंची, शिरोरेषेपासून पायापर्यंत, ५ ते ६ सेंमी हवी आणि रेघ किमान ७-८ मिलिमीटर जाड. साधा मार्कर पुरत नाही, अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश आणि काळा पोस्टर कलर घ्या. एका तक्त्यावर दोन ओळींपेक्षा जास्त लिहिता येणार नाही. वाक्य त्यात बसलं नाही तर स्लाइडवरचं शीर्षकही छोटं करा, दोन्हीकडे शब्द तेच असू द्या. लावायला आधीच खिळे मारून ठेवा, श्रोत्यांसमोरच्या भिंतीवर, उजेड पडतो त्या जागी.